एकेचाळिसावी आई

५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या फोटोची प्रत पाठव म्हणून दोन वर्षं तू माझ्यामागे भुणभुण लावली आहेस, ती आता थांबव. मी प्रिंटर घेतला आहे. वर काच आहे. काचेवर फोटो पालथा ठेवायचा, बटण दाबायचं, खालून दुसरी आई बाहेर येते.

आता अडचण ऐक. यंत्राबरोबर आलेली शाई अकरा कागदांत संपली. त्यातले नऊ तुझ्या वहिनीनं औषधांच्या यादीवर घालवले, तो विषय वेगळा. नवी आणायला गेलो तर कंपनीच्या चार डब्यांची किंमत अख्ख्या यंत्रापेक्षा जास्त. नाकापेक्षा मोती जड! मी दुकानदाराला म्हटलं, मग दर वेळी नवा प्रिंटरच घेऊ का? तो शांतपणे म्हणाला, काही लोक घेतात. असल्या लोकांमुळेच बाजार चढलाय.

तेव्हा बाहेरची शाई वापरायची ठरवलं आहे. ती ढिगानं मिळते. कुणी तयार डबी देतो, कुणी बाटली आणि इंजेक्शनची सुई देतो आणि आपण टोचून भरायची. सगळे शपथेवर सांगतात की मूळ शाईत आणि आमच्या शाईत काडीचा फरक नाही. हे मी कापडाच्या कारखान्यात अडतीस वर्षं ऐकलंय. रंगखात्यातला कुणी ना कुणी रोज ताग्याचं टोक माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, साहेब, काडीचा फरक नाही. मी बघायचो आणि म्हणायचो, नापास. माझ्या सहीशिवाय एक तागा फाटकाबाहेर गेला नाही.

इथेही तसंच करणार. एक शाई म्हणजे एक लॉट, आणि एका लॉटमध्ये एक आई. तपासणी उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहा ते अकरा. पास झाली की तुला पोचती करतो. मध्ये फोन करू नकोस. रंगाचं बोलणं लेखीच असावं.

तुझा,
दादा


१४ जानेवारी

प्रिय दादा,
सा. न.

आई म्हणजे अस्तराचं कापड आहे का रे, लॉटमध्ये यायला? तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग जरा भीतीही वाटली. तुला मी ओळखून आहे. माझ्या लग्नाच्या मांडवाचं कापड तू दोनदा परत पाठवलं होतंस आणि वऱ्हाड उन्हात बसलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे तुला घाई का करायची ते कळेल. तुला आई अकरा वर्षं मिळाली. मला तीन, आणि त्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. डोळे मिटून किती प्रयत्न केला, अंधारच दिसतो. तिचा तो एकच फोटो, तोही तुझ्याकडे, कारण तू थोरला. फोटो पोस्टानं पाठवायला तू तयार नाहीस, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे द्यायला तयार नाहीस. बरं, तेही मी ऐकलं, कारण ती खरी कशी दिसायची हे सांगणारा जगात तू एकटाच उरला आहेस. गोरी होती की सावळी, अंगावरची ती शाल कोणत्या रंगाची, हे मला कोण सांगणार? तू बघून म्हणायचंस, हो, हीच. मग मी ती भिंतीवर लावीन आणि माझ्याकडेही आई आहे असं मला म्हणता येईल.

पण मी चौसष्टची आहे आणि तू बहात्तरचा. तेव्हा फार पद्धतशीर होऊ नकोस. स्वस्तातली एखादी बरी शाई घे, आणि दे पाठवून.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

नऊ लॉट झाले. नऊही नापास.

पहिली शाई मोठ्या दुकानातली, खोक्यावर पोपटाचं चित्र. आई आली ती कावीळ झाल्यासारखी. दुसऱ्या शाईनं यंत्राच्या नळ्या तुंबल्या, आईच्या कपाळावरून पांढरे पट्टे गेले. त्या धुवायला यंत्राला तीन वेळा साफसफाई करायला लावलं, त्यात निम्मी शाई गेली. तिसरी बिननावाची, वहीपेन्सिलीच्या दुकानातली, सगळ्यांत स्वस्त. तीसुद्धा पिवळट. चौथीचा वास रॉकेलसारखा. पाचवी ते नववी सगळ्या पिवळ्या, कमी नाही तर जास्त. मला एक कळत नाही, या सगळ्या शाईवाल्यांनी पिवळ्याचा कट केलाय का?

तू विचारतेस शालीचा रंग कोणता. मोरपिशी! आठवतो म्हणजे काय, डोळ्यांसमोर आहे. आई गव्हाळ, त्यावर ती मोरपिशी शाल. मूळ फोटो आता पिवळा पडलाय, त्याच्यावर विसंबून चालणार नाही. म्हणून मी नमुना म्हणून माझी आठवणच धरतो. फोटो खिडकीतच उभा करून ठेवला आहे, पण तो नुसता सोबतीला.

शिवाय यंत्राचा आगाऊपणा वेगळाच. बाहेरची डबी बसवली की पाटीवर अक्षरं येतात: 'ही शाई आमची नाही. तरी पुढे जायचं का?' प्रत्येक आईच्या आधी मला हे विचारतं. अडतीस वर्षं मी लोकांना अडवलं, आता हे डबडं मला अडवतं!

नापास प्रती मागू नकोस. कारखान्याचा नियम आहे: नापास माल बाहेर जात नाही, तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापायचा, म्हणजे कुणी विकणार नाही. मी तसाच कापतो.

दादा


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. हे वर खिडकीत बसलेत. सोबत जाड पाकीट आहे ते जपून उघडा. त्यात तुमच्या आई आहेत. अठरा तुकडे.

सकाळी अकरा वाजले की कात्रीचा आवाज येतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते. स्वतःच्या आईचा चेहरा असा तिरका कापायचा, नाकावरून, आणि वर म्हणायचं, नियम आहे! मी सासूबाईंना पाहिलंसुद्धा नाही, पण कचऱ्याच्या डब्यात त्यांचा अर्धा डोळा माझ्याकडे बघतो तेव्हा मला झाकण लावायचं धाडस होत नाही. म्हणून रोज उचलून ठेवते. माझ्याकडे ठेवले तर सापडतील, तुम्ही ठेवा.

ह्यांचं यंत्राशी भांडण चालतं, ते तर विचारूच नका. ते विचारतं, पुढे जायचं का? हे ओरडतात, "जायचं! तुझ्या बापाचं काय जातं?" शेजारीण परवा दारात येऊन विचारून गेली, घरी कुणी पाहुणे आलेत का म्हणून.

बाकी ठीक. रस्ता ओलांडताना हल्ली हे माझा दंड घट्ट धरतात आणि म्हणतात, तुला नीट दिसत नाही, माझा हात सोडू नकोस. मी सोडत नाही.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाकीट मिळालं. शिवणकामाचं टेबल रिकामं केलं आणि अठरा तुकडे जुळवून मागून चिकटपट्टी लावली. आयुष्यभर लोकांचे फाटलेले खिसे आणि उसवलेल्या बाह्या जोडल्या, पण आई जोडायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

नऊ आया भिंतीला लावून मी लांब उभी राहिले. वहिनी, मला शेड कळत नाही असं दादा म्हणेल, पण रोज वीस रिळांतून दोरा निवडते मी. यातली तिसरी, ती बिननावाची, ती एकदम छान आहे हो! चेहरा गव्हाळ, शाल मोरपिशी, अगदी तो लिहितो तशी. पिवळेपणाचा लवलेश नाही. हिला नापास का केलं असेल? तुमच्या घरात उजेड पुरेसा आहे ना, बघा बरं एकदा.

यापुढचे तुकडेही पाठवत जा. त्याला मात्र कळू देऊ नका. नियम मोडला म्हणून तो मलाही तिरकी कापेल.

तुमची,
धाकटी


२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सा. न.

काल मला स्वप्न पडलं. त्यात तू खिडकीत बसला होतास आणि म्हणालास, धाकटे, तिसरा लॉट बरा होता गं, उगाच कापला. स्वप्नांवर माझा विश्वास नाही, पण ती तिसरी शाई अजून मिळते का? वहीपेन्सिलीच्या दुकानातली? एकदा पुन्हा बघशील का? ढगाळ दिवस असेल तो.

तुझी,
धाकटी


१० मार्च

चि. धाकटीस,

रंगाची तपासणी स्वप्नात होत नसते. आणि त्या दिवशी ऊन होतं.

तिसरी शाई तुझ्या समाधानासाठी पुन्हा आणली. पिवळी! पूर्वीपेक्षा जास्तच पिवळी. त्या दुकानदाराला मी बाटली उजेडात धरून दाखवली. तो म्हणाला, काका, ही तर निळी बाटली आहे. मी म्हटलं, निळीतसुद्धा पिवळं आहे. तेव्हापासून मी आत शिरलो की तो मागच्या खोलीत जातो.

आता एकतीस लॉट झाले. शहरात जेवढे शाईवाले आहेत तेवढ्यांची नजर खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं. त्यामुळे मी आता स्वतः शाई मिसळायला सुरुवात केली आहे. जुन्या काचेच्या बरण्या आहेत, त्यात पिवळ्या शाईत निळी थेंबथेंब टाकतो आणि ती मिसळ पिवळ्या डबीत सुईनं भरतो. रोज एक थेंब वाढवतो. फरक पडतो आहे. वीस थेंबांवर आईच्या गालावरची कावीळ जरा कमी झाली.

घाई करू नकोस. या वेळी मी बरोबर मार्गावर आहे, हाताला जाणवतंय. पास झालेली आई पाहशील तेव्हा म्हणशील, दादा, उशीर झाला पण झाला तो बरा.

दादा


२७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद!

पास! लॉट एकेचाळीस, पास!

मी ओरडलो तेव्हा तुझी वहिनी हातातलं भांडं घेऊन धावत आली. तिला दाखवली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी समजलो. माझीही तीच अवस्था होती.

युक्ती ऐक. थेंब टाकून टाकून कंटाळलो होतो. शेवटी म्हटलं, रोगाचं मूळच काढू. पिवळी शाई पूर्ण ओतून दिली आणि पिवळ्या डबीत शुद्ध निळी भरली, माझ्या बरणीतली. यंत्र म्हणालं, ही शाई आमची नाही. मी म्हटलं, बरोबर, माझी आहे. बटण दाबलं आणि खालून आई आली. अगं, तीच! थंडीत सकाळी मला शाळेत सोडायला यायची ती. तोच चेहरा, तीच मोरपिशी शाल. मी दहा ते अकरा बघितली, मग अकरा ते बारा बघितली. कात्री हातात धरलीच नाही.

चौकटीत घालून पाठवतो आहे. मागे सही केली आहे. निवृत्त झाल्यापासूनची ही पहिली. आता भिंतीवर लाव आणि मला लिही कशी वाटली ते. मी पोस्टमनची वाट बघत बसलो आहे.

तुझा,
दादा


६ मे

प्रिय दादा,
सा. न.

तीन दिवस हे पत्र लिहून फाडते आहे. छान आहे, पोचली, असं दोन ओळींत लिहून मोकळी होणार होते. वहिनीही तसंच लिहा म्हणाल्या. पण मला आईबद्दल खरं सांगणारा तू एकटा आहेस. मग मी तुला आईबद्दल खोटं कसं लिहू?

दादा, आई निळी आहे.

निळसर म्हणत नाही मी. नीळ घातलेल्या पाण्यात बुडवून पिळून काढल्यासारखी निळी आहे. कपाळ निळं, हात निळे, दात निळे. शाल कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते ते कळत नाही. कुरियरच्या माणसानं चौकट बघितली आणि मला विचारलं, यांना काय झालं होतं?

शाईत खोट नाही रे. एकाही शाईत नव्हती. तू डोळे दाखवून घे. मी हात जोडते.

तुझी,
धाकटी


२४ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आल्यापासून दीड महिना ह्यांनी प्रिंटरवर चादर टाकून ठेवली होती. जेवायचे, झोपायचे, बोलायचे नाहीत. एकदाच बोलले: "अडतीस वर्षं कारखान्यानं माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि ही शिवणारी मला निळी म्हणते!" मी म्हटलं, तुम्हाला नाही, आईंना म्हणाल्या. त्यावर जेवणावरून उठले.

गेल्या आठवड्यात अचानक कपडे करून निघाले. म्हणाले, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन लेखी दाखला आणतो, की माझी नजर उत्तम आहे, आणि तो धाकटीला रजिस्टर पोस्टानं पाठवतो. मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, आजोबा, तुम्ही इथपर्यंत आलात कसे? हे म्हणाले, चालत. बाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, तीन-चार वर्षं झाली असतील, तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय.

वन्सं, ह्यांनी दाखल्याचा कागद लिहून नेला होता, फक्त सही घ्यायची बाकी ठेवली होती. त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. बाहेर आल्यावर माझा दंड धरला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "जरा सांभाळून ने मला."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात, आधी उजवा डोळा. घाबरलेत. मीही.

तुमची,
वहिनी


१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एका डोळ्यानं लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. डावा डोळा अजून व्हायचा आहे. उजव्याची पट्टी निघाली.

पट्टी निघाल्यावर घरी आलो आणि स्वयंपाकघरात गेलो. धाकटे, आमचं स्वयंपाकघर जांभळं आहे! तीन वर्षांपूर्वी मी स्वतः रंग निवडला होता, दुधासारखा पांढरा म्हणून. रंगारी तीनदा म्हणाला, साहेब नक्की ना? मी त्याला झापला होता. तुझ्या वहिनीला विचारलं, तू तीन वर्षं या जांभळ्यात कसा स्वयंपाक केलास? ती म्हणाली, सवय झाली. मला भिंतीला डोकं टेकून उभं राहावं लागलं.

मग खिडकीतल्या फोटोकडे गेलो. आता नीट ऐक, कारण हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

फोटोत आई नाही. म्हणजे आकार आहे, राखाडी. रंग सगळा उडून गेलाय. सात महिने मी तिला खिडकीत उभी केली होती, उजेडात. कारखान्यात पोरंसुद्धा जाणतात की मूळ नमुना काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवायचा, बघण्यापुरता बाहेर काढायचा, नाहीतर उजेड त्याला खातो. मी स्वतः शंभरदा लोकांना यावरून ओरडलो असेन. पण आईला काळ्या पाकिटात घालायला माझा हात होईना. तिला अंधारात कसं ठेवायचं, असं वाटलं. म्हणून खिडकीत ठेवली आणि पुसून टाकली.

आणखी एक दिसलं. नव्या डोळ्यानं, भिंग लावून. शालीच्या काठावर कुंचल्याचे फराटे आहेत. खांद्यापाशी उडालेल्या रंगाचा डाग रेषेबाहेर गेलाय. तो फोटो रंगीत नव्हताच गं. काळापांढरा होता, स्टुडिओवाल्यानं वरून हातानं रंगवला होता. मोरपिशी रंग त्याच्या पेटीत असेल म्हणून त्यानं लावला. शाल कुठल्या रंगाची होती कुणास ठाऊक. मी साठ वर्षं छातीवर हात मारून आठवतं म्हणत आलो, तो त्या स्टुडिओवाल्याचा रंग होता. आई म्हणून मला आठवत होता तो फोटोच.

मूळ गेलं. चाळीस आया मी माझ्या हातानं कापल्या. आता जगात तुझ्याकडची ती निळी तेवढी उरली, आणि ती चुकीची. तू एकच गोष्ट मागितली होतीस माझ्याकडे. मला क्षमा कर.

दादा


२५ ऑगस्ट

दादा,

रडू नकोस, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं म्हणे. डॉक्टरीणबाई सोडतील त्या दिवशी निघून माझ्याकडे ये. तुला काहीतरी दाखवायचं आहे. वहिनींवर रागावायचं नाही, हे आधी कबूल कर.

धाकटी


७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

दादा पोचला. खुशाल आहे. बसमध्ये समोरच्या बाईच्या छत्रीचा लाल रंग बघून तिला म्हणाला, वा, काय शेड आहे! ती जागा बदलून बसली, एवढंच.

आता तुम्ही वाट बघताय ते सांगते. शिवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि त्याला आत ढकललं. भिंतीवर चाळीस आया, ओळीनं, प्रत्येकीच्या चेहऱ्यावरून तिरका जोड. दादा बघतच राहिला. "या कुठून आल्या?" मी म्हटलं, कचऱ्याच्या डब्यातून, तुझ्या बायकोनं वेचल्या, चार महिने, एक तुकडा हरवला नाही. तो म्हणाला, "मी तिला नियम इतक्यांदा समजावला होता." वहिनी, हे तो रागानं नाही म्हणाला.

मग तो कामाला लागला. एकेकीपुढे उभा राहिला, डावा डोळा झाकून. तिसरीपुढे थांबला तो थांबलाच. म्हणाला, "ही पास होती गं. ही पहिल्याच महिन्यात पास होती." कान धरून उभा राहिला माझ्यापुढे, बहात्तर वर्षांचा बाप्या. मला हसू आलं आणि रडूही.

तिसरी काढून त्यानं माझ्या हातात दिली. "ही घे. फोटोवाल्याचा रंग असला तरी हिच्याइतकं बरोबर आता काही मिळायचं नाही. लाव भिंतीवर. ती निळी काढून टाक."

कारण ती निळी बाहेरच्या खोलीत लावलेली त्याला येतानाच दिसली होती. मी मे महिन्यातच लावली होती, त्याला कळवलं नव्हतं. चौकटीत आली होती, मागे त्याची सही होती, खिळा रिकामा होता. म्हटलं, खरी येईपर्यंत ही.

मी त्याला म्हटलं, "दादा, नको."

"नको काय? ती निळी आहे!"

"आहे. पण मी रोज सकाळी तिला सांगून दुकान उघडते. चार महिने झाले. गिऱ्हाईक कसं भांडलं तेसुद्धा तिला सांगते. दादा, मला कधीच आई आठवत नव्हती. आता डोळे मिटले की दिसते. निळी दिसते. पण दिसते ना."

तो बाहेरच्या खोलीत गेला आणि त्या निळीपुढे खुर्ची ओढून बसला. मी आत जेवायचं बघत होते. दोनदा हाक मारली, आला नाही. शेवटी बाहेर जाऊन बघितलं तर तिसरी आई त्यानं पिशवीत ठेवून दिली होती आणि निळीकडे बघत होता, या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून.

म्हणाला, "मग मलाही हीच दे एक. बहिणीची आई वेगळी आणि भावाची वेगळी, असं नको."

तर वहिनी, रविवारी तो निळीला घेऊन येतो आहे, काचेवर ठेवायला. प्रिंटरवरची चादर काढून ठेवा. पिवळ्या डबीत त्या बरणीतली निळीच भरा, दुसरी कुठली आणू नका. आणि यंत्रानं विचारलं पुढे जायचं का, तर तुम्हीच हो म्हणा.

तुमची,
धाकटी